लाल म्हणजे बंद

कॅमेरा माणसाला अमर करतो. विलास, तुझ्या शोकसभेत हे वाक्य दोन वक्त्यांनी म्हटलं, आणि दुसऱ्याने ते इतक्या आत्मविश्वासाने म्हटलं की पहिल्याचं भाषण त्याने ऐकलं नसावं. तुमच्या रोह्याशेजारच्या वरसेतला तो हॉल तुला माहीत आहे. व्यासपीठावर सात खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे सात जणांना बोलावं लागलं. एकाने तुला खाडीचा सुपुत्र म्हटलं. तू जन्मभर कुंडलिकेच्या काठी राहिलास आणि खाडीवर वडखळमार्गे एसटीने जायचास, पण हे सांगायला आठवी खुर्ची नव्हती.

टेबलावर हार घातलेला तुझा फोटो होता. तो तुझ्या कंपनीच्या गेटपासवरून मोठा करून आणला होता. घरात दुसरा मिळालाच नाही, कारण लग्नाकार्यात सगळ्यांचे फोटो तूच काढायचास. गेटपासवर तू पस्तिशीतला होतास आणि कोणीतरी चौकशीला बसवल्यासारखा दिसत होतास. मागे तुझे त्र्याहत्तर व्हिडिओ आहेत. त्यांतल्या एकाहत्तरांत तू नाहीस.

तू त्यांत का नाहीस, हे त्या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं. तो चौथ्या रांगेत बसला होता आणि बोलायची विनंती त्याने दोनदा नाकारली.

तू निवृत्त झालास आणि पेणच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा घेतलास. मला फोन करून म्हणालास, मास्तर, मी व्लॉग करणार. मी पेणला पस्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा ऐकल्यावर दुरुस्त करायची इच्छा झाली. तू रविवारी पेणला आलास आणि माझ्या ओट्यावर बसून मला पहिले दोन व्हिडिओ दाखवलेस. पहिल्यात तू रोह्याच्या पुलावर इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतास आणि म्हणत होतास, नमस्कार मित्रांनो, तर आज आपण आलेलो आहोत. दुसऱ्यात तू तेच वाक्य एका देवळासमोर म्हणत होतास. तुझा आवाज बक्षीस समारंभातल्या सूत्रसंचालकासारखा झाला होता. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, म्हणून तू ते मागे बांधले होतेस. पाठीमागून सुंदर नदी वाहत होती आणि तू तिच्या आड उभा होतास.

तू विचारलंस, कसं वाटलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, “विलास, तुझ्या व्हिडिओत एकच अडचण आहे. ती म्हणजे तू.”

हे वाक्य मला आवडलं होतं. ते माझ्याकडे बरेच दिवस तयार पडून असावं आणि त्याला माणूस मिळत नसावा, तसं ते आलं. तू हसलास. म्हणालास, मास्तर, तू माणसाला नापास पण मस्त करतोस. मग पोहे मागून खाल्लेस. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या रविवारी तू आलास तो तिपाई घेऊन. त्यानंतर तू कॅमेऱ्यासमोर कधी उभा राहिला नाहीस.

आता मला जे सांगायचं आहे ते तुझ्या तोंडावर सांगायचं राहून गेलं. माझा सल्ला बरोबर होता. तू बाजूला झालास आणि तुझे व्हिडिओ चांगले झाले. हेच मला छळतं. सल्ला चुकीचा असता तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. तू शिकत गेलास. कॅमेरा इकडून तिकडे फिरवत नेणं सोडलंस. एका जागी ठेवायचा आणि दहापर्यंत मोजायचं, हा नियम केलास. वाऱ्याचा आवाज येतो म्हणून माईकला जुना मोजा चढवलास. रोह्याजवळच्या एका घरात बिरडं सोलणाऱ्या आजीच्या हातांवर तू नऊ मिनिटं कॅमेरा ठेवलास. ती मध्येच सुनेला ओरडते, मध्येच वालाचा एखादा दाणा तोंडात टाकते आणि कोणी बघितलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघते. मी ते तीनदा पाहिलं. मी आयुष्यात फार कमी पुस्तकं तीनदा वाचली आहेत. हे मी तुला सांगितलं नाही. तुला फक्त म्हणालो की आवाज जरा कमी आहे.

खाली लोक लिहायचे, दादा, तुमचा चेहरा दाखवा. तू उत्तर द्यायचा नाहीस.

आणि आपलं भांडण चालूच राहायचं. मी म्हणायचो, कॅमेरा समोर आला की माणूस खोटं वागायला लागतो. तू म्हणायचास, मग थांबायचं मास्तर, खोटं वागून वागून तो कंटाळतो, मग खरा होतो. मी म्हणायचो, पुस्तकात असं थांबावं लागत नाही. तू म्हणालास, पुस्तकातली माणसंपण खोटीच असतात, फक्त ती हलत नाहीत म्हणून कळत नाय. याला माझ्याकडे उत्तर होतं. मी ते पुढच्या खेपेला देणार होतो.

तुझं कार्य आटपल्यावर प्राजक्ताने मला बाजूला घेतलं. तुझी मुलगी तुझ्यासारखीच आहे, मागायचं ते एका वाक्यात मागते. म्हणाली, काका, मला बाबांचा बोलतानाचा एक व्हिडिओ पाहिजे, चेहरा दिसेल असा. मी म्हटलं, पहिले दोन आहेत ना. ती म्हणाली, ते नकोत, ते बाबा नाहीत. मग म्हणाली की एकाहत्तर व्हिडिओंत बाबांचा आवाज आहे, हात आहेत, एकात तर सावली आहे, पण माणूस कुठे नाही. असं का केलं असेल त्यांनी?

मी म्हटलं, बघतो शोधून.

तू मला प्रश्नाचं उत्तर टाळताना पकडायचास, तसं तिने पकडलं नाही. ती पुण्याला गेली, आणि मी चार दुपारी पेणहून वरसेला येऊन तुझ्या खुर्चीवर, तुझ्या कॉम्प्युटरसमोर बसलो.

तुझ्या कॉम्प्युटरवर ‘बंद’ नावाचा एक फोल्डर आहे. मला तो माहीत होता, कारण तो ज्या चुकीतून झाला ती माझ्यादेखत झाली होती. तू कंपनीत एकतीस वर्षं पॅनेलसमोर काढलीस. तिथे हिरवा दिवा म्हणजे प्लांट चालू आणि लाल म्हणजे बंद. या कॅमेऱ्यावर चित्रीकरण सुरू झालं की लाल दिवा लागतो. तू लाल बघितलास की निर्धास्त व्हायचास. पहिल्या दोन व्हिडिओंत तू समोर होतास आणि बटण दुसऱ्या कोणी दाबलं होतं; त्यानंतर तीन आठवडे तू जे जे मन लावून टिपलंस ते टिपलंच गेलं नाही, आणि जे कॅमेरा गळ्यात लटकवून चालताना झालं ते सगळं टिपलं गेलं. आपण दोघांनी ते बसून पाहिलं तेव्हा पडद्यावर तुझी चप्पल, पेंढा, बांधावरचं गवत आणि माझी कुरकुर एवढंच होतं. तू कॅमेऱ्यावर चिडलास. म्हणालास, ही काय पद्धत झाली, लाल म्हणजे बंद, एकतीस वर्षं लाल म्हणजे बंद.

मग तू कंपनीतल्या माणसाने काढावा तसा तोडगा काढलास. दिव्यावर हिरवी चिकटपट्टी लावलीस. आता चालू म्हणजे हिरवं. अडचण एवढीच झाली की उन्हात त्या पट्टीतून दिवा दिसेनासा झाला आणि तुझी चूक पूर्वी रोज व्हायची ती आता फक्त उन्हाच्या दिवशी व्हायला लागली. कोकणात ऊन बरंच असतं.

पण तू त्या चुकलेल्या फाइली पुसल्या नाहीस. त्या ‘बंद’मध्ये टाकल्यास. मी त्या एकेक उघडत गेलो. विलास, मेलेल्या माणसाच्या चालण्याकडे कोणाला इतका वेळ बघावं लागू नये. तुझी पावलं आहेत, तुझा दम आहे, गुणगुणणं आहे. कॅमेरा तुझ्या पोटावर हलतो आणि जमीन वरखाली होते. कुठे तरी तू हळू आवाजात मोजतोस, एक, दोन, तीन, आणि दहाला थांबतोस. माझी अवस्था अशी झाली आहे की आता पेणला गच्चीत उभा राहून समोरच्या डोंगराकडे बघितलं तरी माझ्या कानाशी कोणी तरी मोजायला लागतं. दहाला ते थांबतं आणि मी आत जातो.

दुसऱ्या दुपारी एक फाईल घरातलीच निघाली. कॅमेरा टेबलावर असावा, चित्रात नुसती भिंत होती. तुझा आवाज आला, “सुमन, पाणी आण गो.” मी पुढची फाईल लावणार तेवढ्यात सुमनवहिनी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आल्या. दारात त्यांना माझं तोंड दिसलं. त्या तिथेच थांबल्या. मग पुढे होऊन त्यांनी पेला माझ्या हाताशी ठेवला, पाणी ओतलं आणि परत गेल्या. मी ते सगळं प्यालो. त्यानंतर मी कानाला लावायचे हेडफोन घेऊन यायला लागलो.

बाकी सगळ्या फाइलींना तू नंबर दिले होतेस. एकीलाच नाव होतं. ‘धरमतर, मी’.

तो दिवस मला आठवतो, पण माझ्या बाजूने आठवतो. आपण धरमतरजवळच्या मिठागरावर गेलो होतो. पारूबाय नावाची एक बाई मीठ ओढून ढीग लावत होती. तू अर्धा तास तिच्या हातांवर कॅमेरा लावलास. शेवटी ती फावडं टेकवून उभी राहिली आणि तुला म्हणाली, “आमचं तोंड समद्या जगाला दाखवतोस, तुझं कुठं हाय रं? तुझ्या तोंडाला काय झालंय?”

तू म्हणालास, “मास्तर नको म्हणतो.”

आणि माझ्याकडे बोट दाखवलंस. तिने माझ्याकडे पाहिलं. आगरातल्या बायांना माणसाचं वजन डोळ्याने करायची सवय असते. तिने ते केलं आणि पाटी उचलून पलीकडच्या वाफ्याकडे गेली. मी म्हटलं, चहा मिळतो का बघून येतो, आणि जेट्टीच्या रस्त्याकडे चालता झालो. चहा नको होता. तिथून निघायचं होतं.

पुढचं मी आता पाहिलं. तू कॅमेरा बंद केलास असं तुला वाटलं. ऊन कडक होतं, पट्टीखालचा दिवा दिसला नसणार. तू तिपाई बांधावर लावलीस आणि नुसती तालीम करावी तसा फ्रेममध्ये जाऊन उभा राहिलास. पहिल्यांदा पलीकडे बघितलंस, मी गेलो ना ते. मग शर्टाचं वरचं बटण लावलंस. मग काढलंस. हात मागे बांधले नव्हतेस. एका हातात माईकचा मोजा होता, तो पिळत होतास.

तू नमस्कार म्हणाला नाहीस. तू म्हणालास, मी विलास, रोह्याला असतो, कंपनीत होतो. म्हणालास की शिफ्टमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे सकाळी दहाचं ऊन कसं असतं ते मी रिटायर झाल्यावर बघितलं. मुलगी शाळेत जायची तेव्हा मी झोपलेलो असायचो, ती यायची तेव्हा मी डबा घेऊन निघालेलो. ती मोठी झाली ती मी बघितलीच नाय. एकदम मोठी बघितली, आणि मग ती पुण्याला गेली. आता बघायला वेळ हाय तर जे समोर येईल ते नीट बघून ठेवतो. कॅमेरा लावला की दहापर्यंत थांबावं लागतं. कॅमेरा नसता तर मी एवढा थांबलो नसतो. हे सगळं त्याच्यासाठी हाय, दुसरं काय नाय.

सगळी मिळून चार मिनिटं. कुठेही सूत्रसंचालक नाही. मागे मिठाचे ढीग आहेत आणि तू त्यांच्या आड उभा नाहीस, त्यांच्यातला एक असावास तसा उभा आहेस. मी जन्मभर मुलांना सांगत आलो की साधं बोला, आणि साधं बोलणं म्हणजे काय हे मला कधी दाखवता आलं नाही. तू दाखवत होतास आणि मी चहाच्या टपरीकडे निघालो होतो.

शेवटी तू थोडा थांबलास. कॅमेऱ्याकडे सरळ बघितलंस आणि म्हणालास, “मास्तर म्हणतो तू बाजूला हो. त्याचं बरोबर हाय. पण...”

आणि माझा आवाज येतो. लांबून, बांधावरून, चांगला खणखणीत. “काय रे, एकटाच काय बडबडतोयस?”

तू चपापतोस. खाली वाकतोस आणि तिपाईचा स्क्रू आवळायला लागतोस. म्हणतोस, “काय नाय, आवाज बघत होतो.”

ती फाईल तू घरी जाऊन पाहिलीस. तिला नाव दिलंस. म्हणजे तू किती चांगला बोललास ते तुला कळलं होतं. त्यानंतर तू चौदा व्हिडिओ केलेस, सगळ्यांत नुसते हात, आणि दर वेळी माझ्या ओट्यावर येऊन मला दाखवलेस. ही एक फाईल दाखवली नाहीस. मला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून? की मी पुन्हा काहीतरी छान वाक्य बोलेन याची भीती वाटली? मी तुला चाळीस वर्षं ओळखत होतो आणि मला हे ठरवता येत नाही. त्या ‘पण’पुढे काय होतं तेही कळत नाही. दिवसातून चारदोन वेळा मी त्याच्यापुढे एखादं वाक्य लावून बघतो. काही माझ्या बाजूची असतात. ती मलाच पटत नाहीत.

व्हिडिओ कापायचा कसा, हे तू मला शिकवलं होतंस. मी तुझ्या खुर्चीत बसून कापला. माझा आवाज यायच्या आधी अर्धा सेकंद. इतका स्वच्छ कट तुझ्यानेही झाला नसता. तू बोलतोस, ‘पण’ म्हणतोस, आणि चित्र संपतं. बघणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्याचं राहून गेलं. प्राजक्ताला वाटेल, मरणाने बाबांचं वाक्य तोडलं. ते मी तोडलं होतं, आणि मरणाचा त्यात काही संबंध नव्हता. दिवेलागणीपर्यंत मी त्या कापलेल्या फाइलीकडे बघत बसलो. मग ती पुसली आणि अख्खी होती ती ठेवली.

ती फोनवरून जाईना. फाईल मोठी आहे, छोटी करा, असं फोनच मला सुचवत होता. मी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि एसटीने पुण्याला गेलो.

सुमनवहिनी तोवर तिकडे राहायला गेल्या होत्या. प्राजक्ता, जावई, वहिनी आणि मी, असे चार जण त्यांच्या बैठकीत बसलो. लावायच्या आधी मी प्राजक्ताला सांगितलं की तुझे बाबा व्हिडिओत का नाहीत याचं कारण मी आहे, आणि ते वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणताना ते मुळीच छान वाटलं नाही. तिने टीव्हीचा रिमोट हातात घेतला. जावयाने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला.

तू आडवा आलास. कोणीतरी तुला सांगितलं असणार की हल्ली लोक फोनवर उभं बघतात, म्हणून त्या दिवशी तू कॅमेरा उभा लावला होतास. कॉम्प्युटर तो आपोआप सरळ करत होता, टीव्हीला ते जमेना. टीव्हीभर धरमतर कुशीवर झोपलं होतं, मिठाचे ढीग भिंतीला चिकटले होते आणि तू डाव्या बाजूने उजवीकडे उगवला होतास. जावई म्हणाला, सेटिंग बघतो. प्राजक्ता म्हणाली, राहू दे. आणि तिने मान खांद्यावर टाकली. मग वहिनींनी टाकली. मग आम्ही दोघांनी.

तू मुलीविषयी बोललास तेव्हा कोणी कोणाकडे बघितलं नाही. शेवटी माझा आवाज आला, तू वाकलास, संपलं. प्राजक्ताने रिमोटने पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी तू ‘पण’ म्हणालास आणि माझा आवाज यायच्या आत तिने मागे नेलं. तिसऱ्यांदाही तिथेच मागे नेलं. चौथ्यांदाही. तिला तो क्षण आता नेमका माहीत झाला होता. मला उठावंसं वाटत होतं, पण मी बसून राहिलो. तेवढं तरी करायला हवं होतं.

ती किती वेळा बघत होती ते मी मोजलं नाही. माझी मान चार दिवस आखडली होती. पेणच्या डॉक्टरांनी उशी बदलायला सांगितली आहे.